पहिल्यांदा हरिपाठाला जायचंय, पण काहीच येत नाही

ताई, तुमचं म्हणणं थोडक्यात असं आहे की घराजवळच्या विठ्ठल मंदिरात रोज संध्याकाळी हरिपाठ होतो, ऑफिसमधल्या मैत्रिणीने 'एकदा चल तरी' म्हणून मागे लागून तुम्हाला तयार केलंय, पण शब्द येत नाहीत, गळा बरा नाही, गळ्यात माळ नाही, रविवारी मटण होतं, आणि मुळात आपला विश्वास आहे का हेच नक्की नाही, तर अशा माणसाने जावं का आणि गेलं तर तिथे नेमकं करायचं काय. मी टाळकरी आहे, गावाकडच्या सप्ताहात मोठ्या माणसांच्या मागे उभा राहून शिकलो, आता शहरात एका मंडळात जातो, आणि दारात चपला काढून 'आत जाऊ की नको' करत उभी राहिलेली नवीन माणसं मला नेहमी दिसतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

जा. बिनधास्त जा. काहीच न येणाऱ्या माणसाने आल्या आल्या म्हणता यावं अशीच हरिपाठाची रचना आहे, हे तिथे रोज जाणाऱ्या लोकांच्याही लक्षात राहत नाही आणि मग ते उगाच नवीन माणसाला पुस्तक दे, पान दाखव, 'अगं मोठ्याने म्हण' असं करत बसतात. तुमचं काम एकच आहे, ध्रुवपद, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारी ओळ, तेवढी धरायची. बाकी सगळं नंतर.

म्हणजे कसं ते सांगतो. वारकरी मंडळी नुसतं हरिपाठ म्हणतात तेव्हा बहुतेक वेळा ज्ञानेश्वर माऊलींचा हरिपाठ असतो, त्याचे अभंग 27, बऱ्याच पुस्तिकांत शेवटी एक जोडून 28 छापलेले असतात, त्यामुळे आकड्यावरून गोंधळू नका. एकनाथ महाराजांचा, नामदेव महाराजांचा, तुकाराम महाराजांचा, निवृत्तिनाथांचाही हरिपाठ आहे आणि काही ठिकाणी वारानुसार ते म्हणतात, पण तुमच्या मंदिरात रोजचा म्हणजे माऊलींचाच असणार असं धरून चाला. आधी 'जय जय राम कृष्ण हरी' होतं, हे तर तुम्हाला येतंच. मग 'देवाचिये द्वारी उभा क्षणभरी' सुरू होतं, आणि त्याच्या पाठोपाठ येतं ते ध्रुवपद, 'हरि मुखें म्हणा हरि मुखें म्हणा, पुण्याची गणना कोण करी'. आता पुढचा अर्धा-पाऊण तास हेच पुन्हा पुन्हा येत राहणार. पुढे म्हणणारे चरण म्हणतात, सगळे मिळून ध्रुवपदावर येतात, परत चरण, परत ध्रुवपद. कुठे प्रत्येक चरणानंतर घेतात, कुठे अभंग संपल्यावर, ते त्या मंडळाच्या चालीवर आहे, पण येतं नक्की. म्हणजे 27 अभंगांतला एक शब्द माहीत नसला तरी एका ओळीच्या जोरावर तुम्ही पूर्ण हरिपाठात असता.

पहिले दोन-तीन अभंग नुसतं ऐका. ओठसुद्धा हलवू नका म्हटलं तरी चालेल. मग ध्रुवपदाचा फक्त शेवट पकडा, 'कोण करी', तेवढाच, कारण तिथे सगळ्यांचा आवाज एकत्र पडतो आणि तुमचा कच्चा आवाज त्यात आपोआप झाकला जातो. चार-पाच वेळा शेवट बरोबर पडला की मागची ओळ आपोआप तोंडात येते. पुस्तिकेत बघून म्हणायला जाल तर उलट अडकाल, कारण छापलेली ओळ आणि गायची ओळ यात फरक असतो, गाताना अक्षरं लांबतात, मध्येच 'हो' येतो, एखादा शब्द दोनदा घेतात, आणि तुम्ही बोट ठेवून शोधत बसता तोवर मंडळी पुढच्या अभंगात गेलेली असतात. पुस्तिका हातात दिली तर घ्या, नाही म्हणू नका, पण मिटून ठेवा. घरी जाऊन वाचा.

आता आवाजाचं. आपला गळा वाईट आहे असं ज्यांना वाटतं त्यांतल्या निम्म्या लोकांचा प्रॉब्लेम गळ्याचा नसून पट्टीचा असतो. वारकरी भजनाची पट्टी उंच असते, पुढे म्हणणारे खड्या आवाजात, ताणून म्हणतात, आणि त्यातले काही जण आळंदीच्या वारकरी शिक्षण संस्थेत किंवा तशाच एखाद्या ठिकाणी राहून शिकलेले असतात (ही संस्था विष्णुबुवा जोग महाराजांनी 1917 साली काढली, आज गावोगावी दिसणारे कितीतरी कीर्तनकार आणि गायक तिथल्या परंपरेतून आलेले आहेत), रोज पहाटे उठून गळा घासलेली ती माणसं. त्यांच्या पट्टीत पहिल्या दिवशी जायला गेलात तर दहा मिनिटांत घसा बसेल. खालच्या सप्तकात म्हणा. तेच सूर, पण खाली, बोलण्याच्या आवाजाच्या जरा वर. कोणाला कळतही नाही, आणि कळलं तरी बिघडत नाही कारण ते सुरातच असतं. सूर अजिबात लागत नसेल तर शब्द ठेक्यात म्हणा, बोलल्यासारखे. आमच्याकडे एक आजोबा आहेत, ते वर्षानुवर्षं एकाच सुरात म्हणतात, चाल कोणतीही असो, पण ठेक्याला असे पक्के की मृदंगवाला त्यांच्याकडे बघून वाजवतो.

ठेक्याचंच म्हणाल तर बहुतेक सगळं आठ मात्रांच्या भजनी ठेक्यात चालतं. तुम्ही फक्त टाळ्या वाजवा. आणि टाळी आपल्या मनाने वाजवू नका, मृदंगाच्या डाव्या बाजूचा जो जाड 'धूं' येतो तो ऐका, हरिपाठ सुरू व्हायच्या आधी जरा लवकर गेलात तर दिसेल की मृदंगवाला त्या बाजूला भिजवलेली कणीक थापतोय, बोटाने थोडी काढतो, परत लावतो, वाजवून बघतो, तो घुमणारा जाडा आवाज त्या कणकेमुळेच येतो. तो आवाज एकदा कानात बसला की टाळी चुकत नाही. लय वाढत जाते हे मात्र लक्षात ठेवा. सुरुवात निवांत असते, मग दुगण होते, म्हणजे लय दुप्पट होते, शेवटी गजराला तर अशी चढते की नवीन माणूस सुटतोच. सुटलात तर थांबा, श्वास घ्या, लय परत खाली आली की शिरा. मध्येच धावत पकडायला गेलं की टाळी सगळ्यांच्या मध्ये पडते आणि ते मात्र सगळ्यांना ऐकू जातं 😄

टाळ कोणी हातात दिला तर पहिल्या दिवशी 'नको, मी टाळ्या वाजवते' म्हणा, खुशाल म्हणा. प्रेमाने देतात, पण दोन पितळी वाट्या एकमेकांवर सपाट आपटल्या की बंद, ठोकल्यासारखा आवाज येतो, कडेला कड नीट लागली तरच खणखणतं, आणि ते मनगटाचं काम आहे, वजनही बऱ्यापैकी असतं, पंधरा मिनिटांत हात भरून येतो. शिवाय टाळ चुकला की लपत नाही. पुढच्या वेळी हरिपाठ सुरू व्हायच्या आधी कोणाला तरी धरून शिकून घ्या, कोणीही शिकवेल, शिकवायला टपलेलेच असतात सगळे.

उभं कुठे राहायचं? बहुतेक ठिकाणी दोन ओळी समोरासमोर करतात, मध्ये विणेकरी, त्याच्या जवळ मृदंग. बायकांची ओळ वेगळी किंवा बाजूला असते, काही मंडळांत एकत्र, तुमची मैत्रीण सांगेल. नवीन माणूस हमखास शेवटी, भिंतीला टेकून उभा राहतो, ती चूक करू नका कारण तिथे ध्रुवपद अर्धवट ऐकू येतं, शेजारचा दुसरा नवीन माणूस असतो, आणि दोघंही एकमेकांकडे बघत गप्प राहता. ओळीच्या मध्यावर, एखाद्या जाणत्या मावशींच्या शेजारी जागा घ्या. मावशींचा आवाज कानाजवळ असला की अर्धं काम झालं. दोन ओळींच्या मधून आडवं जायचं नाही, यायचं-जायचं ते मागून. आणि विणेकऱ्याच्या हातातली वीणा भजन चालू असताना खाली ठेवत नाहीत, एकाकडून दुसरा घेतो तेव्हा एकमेकांच्या पाया पडून घेतो, सप्ताहात तर ती दिवस-रात्र अशीच हातोहात फिरत राहते. कौतुकाने कोणी तुम्हाला वीणा घ्यायला सांगितलं तर हात जोडून नमस्कार करा आणि राहू द्या, एकदा घेतली की बदली येईपर्यंत तुम्हीच.

पावली सुरू झाली तर घाबरू नका. हरिपाठ रंगला की मंडळी पाऊल टाकायला लागतात, पुढे, मागे, जरा झुकून, मध्ये उडी, गावागावाच्या पावल्या वेगळ्या. इथे एक गोष्ट कोणी सांगत नाही ती सांगतो, समोरच्या ओळीकडे बघून शिकू नका, समोरच्याचा उजवा तो तुमचा डावा असतो, आणि मग तुम्ही नेमक्या उलट्या जाता आणि शेजारणीच्या पायावर पाय पडतो. शेजारणीचे पाय बघा. नाही जमलं तर जागेवर उभं राहून नुसतं डुललं तरी चालतं, गुडघे दुखणारे कितीतरी जण तेच करतात.

एका गोष्टीने मात्र नवीन माणूस नक्की दचकतो म्हणून आधीच सांगून ठेवतो. हरिपाठ संपला की सगळे एकमेकांच्या पाया पडतात. सगळे म्हणजे सगळे. तुमच्या आजोबांच्या वयाचा माणूस 'रामकृष्णहरी माऊली' म्हणत सरळ तुमच्या पायाला हात लावेल आणि तुम्हाला वाटेल अहो काय करताय, आणि तुम्ही मागे सराल. मागे सरू नका. तुम्हीही वाका. दोघं एकदम वाकलं की कधी कधी डोकं डोक्याला लागतं, हसायचं आणि पुढच्याकडे जायचं. इथे वय, जात, पगार बघून कोण आधी वाकणार हे ठरत नाही. पंढरपुरात महाद्वारातली पहिली पायरी नामदेव पायरी म्हणून ओळखली जाते ती याच भावनेतून, आत जाणाऱ्या भक्तांची पायधूळ आपल्याला लागावी म्हणून, आणि तिच्यासमोरच चोखोबांची समाधी आहे, ज्यांना जिवंतपणी देवळाच्या आत पाऊल टाकू दिलं नव्हतं. तर ते पाया पडणं नाटक नाहीये, रोजची सवय आहे. कोणाला शारीरिक अंतर ठेवायचं असेल तर हात जोडून 'रामकृष्णहरी' म्हटलं तरी कोणी वाईट वाटून घेत नाही.

माळेबद्दल आणि मटणाबद्दल. तुळशीची माळ घातली म्हणजे अभक्ष्य सोडायचं, एकादशी करायची, जमेल तशी वारी करायची असं एक व्रत स्वीकारलं असा अर्थ, त्यामुळे ती घाईघाईत घालायची वस्तूच नाही आणि हरिपाठाला उभं राहायला ती लागत नाही. कोणी पहिल्याच दिवशी 'माळ घाला आता' म्हणून मागे लागलं तर 'बघू माऊली' म्हणायचं आणि विषय बदलायचा. माझं वैयक्तिक मत विचाराल तर असे उत्साही लोकच नवीन माणसं पळवून लावतात. मटण रविवारी खाल्लं आणि सोमवारी हरिपाठाला आलात तर कोणी तुमचं ताट तपासायला येत नाही. मांसाहार करून त्याच संध्याकाळी देवळात जायला तुम्हालाच बरं वाटत नसेल तर वार बदला, एवढंच.

तुम्ही आडून आडून विचारलेला पाळीचा प्रश्न, त्याचं उत्तर मी सरळ देतो. नामाला विटाळ नाही ही संतांची भूमिका आहे, आणि चोखोबांच्या पत्नी संत सोयराबाईंनी तर देहाच्या विटाळावर अभंग लिहून थेट प्रश्न विचारलाय की विटाळ नसलेला देह दाखवा कुठे आहे, विटाळातूनच तर सगळ्यांची उत्पत्ती. हे झालं नामाचं. देवळाचे नियम मात्र देवळागणिक वेगळे असतात आणि त्यावर पहिल्याच दिवशी वाद घालायची तुमची इच्छा नसणार, तेव्हा तेवढे दिवस घरी बसून म्हणा किंवा मैत्रिणीला विचारा की त्यांच्याकडे कसं आहे. घरोघरी होणाऱ्या महिला मंडळांत हल्ली बऱ्याच ठिकाणी कोणी विचारतही नाही.

आता विश्वासाचं, जे तुम्ही सगळ्यात शेवटी एका ओळीत लिहिलंय पण मला वाटतं खरा अडसर तोच आहे. लोक पहिल्यांदा येतात आणि सारखं स्वतःला तपासत राहतात, मला काही वाटतंय का, अंगावर काटा आला का, शेजारच्या काकूंच्या डोळ्यांत पाणी आहे मग माझ्या का नाही. तपासत राहिलं की ध्रुवपद सुटतं. काही वाटायलाच पाहिजे अशी अट कुठेही नाही. 'मुखें म्हणा' असं म्हटलंय, तोंडाने म्हणा, एवढंच सांगितलंय. काहींना पहिल्याच दिवशी रडू येतं, आणि त्यात देव भेटला असंच असतं असं नाही, दिवसभराचा ताण, मोठ्याने म्हणणं, इतक्या माणसांचा एका लयीत श्वास, यानेही माणूस मोकळा होतो. काहींना महिनोन्महिने काही वाटत नाही आणि तरी ते येतात, कारण संध्याकाळी तासभर फोन बाजूला राहतो. दोघंही ओळीत शेजारी शेजारी उभे असतात. विश्वास आहे की नाही हे कोणी विचारणार नाही, आणि विचारलंच तर 'ऐकायला आले' हे पूर्ण उत्तर आहे.

फोनवरून आठवलं, सायलेंट नाही, बंद करा. आणि रेकॉर्डिंग करू नका, निदान पहिल्या दिवशी नको. हात अडकला की टाळी गेली, आणि समोरच्या बायकांना आपण कुठल्या स्टेटसवर जाणार याची धास्ती. चाल घरी ऐकायची असेल तर हरिपाठ यूट्यूबवर हवा तेवढा आहे, पण एक सांगतो, जायच्या आधी तो ऐकून पाठ करून जाऊ नका, कारण तिथली चाल वेगळी निघाली की पाठ केलेलं आडवं येतं. स्पीकर असलेलं मंदिर असेल तर स्पीकरच्या समोर उभ्या राहू नका. भजनात माइक कशाला लागतो हे मला आजवर कळलेलं नाही, वीस माणसं नीट म्हणत असली तर गल्ली ऐकते, पण तो वेगळा विषय.

कपडे साधे, सैल, वाकता येईल असे. पांढरेच पाहिजेत असं काही नाही. कपाळाला गंध आणि बुक्का लावतील, बुक्का काळा असतो आणि घामाबरोबर खाली उतरतो, तेव्हा फिक्या रंगाचा महागाचा ड्रेस नको. पैशाचं म्हणाल तर रोजच्या हरिपाठाला फी वगैरे काही नसते, देवापुढे जे ठेवायचं ते मनाने, नाही ठेवलं तरी चालतं. जाताना काही न्यायचंच असेल तर तुळस न्या किंवा फुलं. पोट भरून जेवून जाऊ नका, श्वास पुरत नाही, आणि आधी घोटभर पाणी प्या.

शेवटी गजर होतो, 'ज्ञानोबा माऊली तुकाराम' किंवा 'विठोबा रखुमाई', तो सोपा असतो, तिथे खुशाल आवाज मोठा करा. मग 'पुंडलिक वरदे हरी विठ्ठल' झालं की सगळे एका आवाजात 'श्री ज्ञानदेव तुकाराम' म्हणतात. बऱ्याच ठिकाणी पसायदान आणि आरती असते. पसायदान शाळेत म्हटलेलं असेल तर तेवढं तरी तुम्हाला पूर्ण येतं, आणि तिथे तुमच्या लक्षात येईल की ज्ञानेश्वरीच्या अठराव्या अध्यायाच्या शेवटचं हे मागणं लोक शाळेतल्यापेक्षा किती सावकाश म्हणतात, त्यांच्या आधी संपवू नका.

मैत्रीण म्हणेल की सप्ताह लागलाय, सरळ कीर्तनालाच ये, तर पहिली ओळख कीर्तनाने करून घेऊ नका असा माझा सल्ला. कीर्तन चांगलंच, पण तिथे तुम्ही मांडी घालून बसता, दीड-दोन तास ऐकता, म्हणायला मिळतं ते थोडं, आणि बुवा चांगले नसले तर तुम्ही 'हे आपलं काम नाही' म्हणून कायमच्या परत जाल. हरिपाठात बुवा चांगला-वाईट हा भागच नाही.

एकदा जाऊन ठरवू नका, तीन-चार वेळा जा, आणि शक्यतो सलग, कारण पहिल्या दिवशी सगळं लक्ष कुठे उभं राहायचं आणि कधी वाकायचं यातच जातं. शब्द पाठ करायची घाई नको, एक एक अभंग ऐकून ऐकूनच बसतो. मध्येच निघावं लागलं तर एक अभंग संपून दुसरा सुरू व्हायच्या फटीत, मागून, विणेकऱ्याला लांबूनच हात जोडून निघा. आणि एकादशीला जाऊ नका पहिल्यांदा, त्या दिवशी पाय ठेवायला जागा नसते.